दारव्ह्याचा साबाजी

यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसहून उत्तरेला निघालं की पंचवीस-तीस किलोमीटरवर दारवा लागतं. कागदोपत्री त्याचं नाव दारव्हा. आज दिग्रस स्वतःच तालुक्याचं गाव आहे, पण इंग्रजी अमलात ते दारव्हा तालुक्यात मोडत असे. त्याहीआधी, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, हा सगळा टापू एका माणसाच्या वाट्याला आलेला होता: साबाजी भोसले, नागपूरच्या पहिल्या रघूजीचा मुलगा. नागपूरकर भोसल्यांच्या इतिहासात जानोजीवर प्रकरणं आहेत, मुधोजीवर आहेत, दुसऱ्या रघूजीवर तर भरपूर आहेत. साबाजीच्या वाट्याला बहुधा एक-दोन ओळी येतात: पाचगावच्या लढाईत तो मारला गेला. ती लढाई तो जिंकत आला होता, हे त्या ओळींत कधी येतं, कधी राहून जातं.

साबाजी का मेला हे समजायला आधी हे घराणं मोठं कसं झालं ते पाहावं लागतं. त्याची सुरुवातही यवतमाळ जिल्ह्यातच होते.

वऱ्हाडातल्या भोसल्यांचं पहिलं मोठं ठाणं नागपूरला नव्हतं, ते भाम इथं होतं. तिथं कान्होजी भोसले सेनासाहेबसुभा म्हणून नांदत होता. त्याचं सातारच्या शाहू छत्रपतींशी बिनसलं आणि त्याला आवरायचं काम त्याच्याच पुतण्यावर, रघूजीवर, सोपवण्यात आलं. रघूजीने चुलत्याचा पाठलाग केला, वणीजवळच्या मंदर गावाशी त्याला गाठलं, हरवलं आणि धरून साताऱ्याला पाठवलं. कान्होजीचे उरलेले दिवस कैदेत गेले. सेनासाहेबसुभा हा किताब आणि वऱ्हाड-गोंडवनाचा हक्क पुतण्याकडे आला.

पुढची पायरी नागपूर. तिथं देवगडच्या गोंड राजांची गादी होती. 1738च्या सुमारास चांद सुलतान वारला आणि वारसांमध्ये जुंपली. राणीने रघूजीला मदतीला बोलावलं. त्याने काम फत्ते केलं, मोबदला घेतला आणि तो परत गेला. काही वर्षांनी राणीचे दोन मुलगे, बुऱ्हाणशाह आणि अकबरशाह, एकमेकांवर उठले. पुन्हा रघूजीला बोलावणं आलं. या वेळी मात्र तो परतला नाही. अकबरशाह परागंदा झाला, बुऱ्हाणशाह नावाचा राजा आणि प्रत्यक्षात पेन्शनर उरला आणि नागपूर भोसल्यांची राजधानी बनलं.

एकदा चुलत्याला पकडून, एकदा दुसऱ्याच्या घरातल्या भावांचं भांडण सोडवून हे राज्य उभं राहिलं होतं. भाऊबंदकीत शिरून राज्य कसं मिळवायचं, हे या घराण्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. तीच भाऊबंदकी स्वतःच्या वाड्यात शिरली तेव्हा मात्र त्यावर उपाय कुणाकडेच नव्हता.

घोड्यावरचं राज्य

रघूजीची ताकद म्हणजे घोडदळ. 1740च्या दशकात त्याच्या स्वारांनी ओडिशा ओलांडून बंगालपर्यंत धडक मारली. तिकडच्या गावांत या स्वारांचा असा धसका बसला की ‘बर्गी’ हे नाव लेकरांना झोपवायच्या गाण्यात जाऊन बसलं. 1751मध्ये नवाब अलीवर्दीखानाने तह केला, ओडिशा सोडला आणि चौथाईपोटी दरसाल 12 लाख रुपये कबूल केले.

हे घोडदळ दोन तऱ्हांचं असे. सरकारी पागेतला घोडा आणि सरकारी हत्यार घेऊन लढणारा तो बारगीर. स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार आणि बहुतेकदा स्वतःची चार-दोन माणसं घेऊन येणारा तो शिलेदार. शिलेदाराचा घोडा म्हणजे त्याचं भांडवल. घोडा पडला तर नुकसान त्याचं. म्हणून शिलेदार हिशोबी असे. कुणाच्या बाजूने उभं राहायचं, किती वेळ आणि काय मोबदल्यात, हे तो रोज ताडून पाही. मोहिमेआधी घोड्यांच्या तयारीसाठी ‘नालबंदी’ म्हणून उचल दिली जाई. ती वेळेवर मिळाली नाही तर कितीही मोठा सरदार रिकाम्या मैदानात उभा राही. या दोघांच्या मागून पेंढाऱ्यांच्या टोळ्या येत. त्यांना पगार नसे. लूट हीच त्यांची कमाई.

अशा फौजेची निष्ठा झेंड्यापेक्षा माणसावर असे. हे किती खरं होतं, ते संताजी घोरपड्याच्या शेवटावरून दिसतं. मराठ्यांच्या घोडदळाचा त्याच्याहून मोठा सेनापती शोधून सापडणार नाही. 1695च्या नोव्हेंबरात त्याने दोड्डेरीला कासिमखानाला कोंडलं आणि पुढच्या जानेवारीत बसवापट्टणला हिंमतखानाला ठार केलं. औरंगजेबाचे दोन नामांकित सरदार दोन महिन्यांत संपवणाऱ्या या माणसाचं राजाराम महाराजांशी आणि धनाजी जाधवाशी वितुष्ट आलं. त्याच्याच पथकांतले लोक त्याला सोडून धनाजीला जाऊन मिळाले. 1697मध्ये म्हसवडच्या नागोजी मान्याने त्याला एकट्यादुकट्याला गाठून मारलं. ज्याच्या नुसत्या नावाने मोगलांची पळापळ होई, त्याच्या भोवती शेवटी मोजके सोबतीही उरले नव्हते.

ऋतूंचा हिशोबही घोड्यांच्याच हातात होता. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत पावसात घोडा गुडघ्यापर्यंत रुततो. अडाण, अरुणावती, पैनगंगा दुथडी वाहू लागल्या की फौज जिथं असेल तिथंच अडकते. मोहिमा दसऱ्याला निघायच्या. खरिपाची ज्वारी निघाली की शेतात कडबा आणि घरात दाणा असे, म्हणजे जनावराची वैरण आणि चंदी दोन्ही वाटेतच मिळे. थंडीत घोडा दमत नाही आणि नद्यांना उतार असतो. साबाजीच्या आयुष्यातल्या दोन मोठ्या लढाया जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात झाल्या. पहिली 27 तारखेला आणि दुसरी दोन वर्षांनी, 26 तारखेला. हा योगायोग मानायचं कारण नाही. वऱ्हाडात भावाशी लढायलाही हंगाम साधावा लागे.

चार भाऊ

पहिला रघूजी 14 फेब्रुवारी 1755 रोजी वारला. मागे चार मुलगे होते. वयाने थोरला जानोजी, पण तो आणि साबाजी धाकट्या राणीचे. मुधोजी आणि बिंबाजी थोरल्या राणीचे. गादी वयाने मोठ्या मुलाची की मोठ्या राणीच्या मुलाची, यावर प्रत्येक पक्षाला हवं तसं शास्त्र सापडत होतं. जानोजी आणि मुधोजी यांच्या फौजांची अमरावतीजवळ गाठ पडली. शेवटी निवाडा पुण्यात झाला. पेशव्यांनी सेनासाहेबसुभा हा किताब जानोजीला दिला, मुधोजीला ‘सेनाधुरंधर’ हा नवा किताब आणि चांदा, बिंबाजीला छत्तीसगड, साबाजीला दारव्हा.

पुण्याने असा निवाडा द्यायला नजराणा घेतला. शिवाय नागपूरच्या राज्यात चार चुली मांडल्या गेल्या. एकत्र असताना पुण्याला धाक वाटावा अशी ही फौज होती. वाटणी झाल्यावर प्रत्येक भावाला पुण्याकडे बघावं लागणार होतं. बिंबाजीने ते टाळलं. तो रतनपूरला गेला, तिथंच रमला आणि 1787मध्ये मरेपर्यंत त्याने आपलं छत्तीसगड जवळजवळ स्वतंत्रपणे सांभाळलं.

साबाजीची वाटणी सगळ्यांत अवघड जागी होती. चांद्याला किल्ला होता आणि भोवती जंगल. छत्तीसगड लांब होतं. दारव्हा मात्र वऱ्हाडात होतं आणि वऱ्हाडावर दोन धनी होते. हैदराबादचा निजाम नावाने सुभ्याचा मालक, आणि चौथाई, सरदेशमुखी, घासदाणा मिळून वसुलाचा मोठा वाटा भोसल्यांचा. साधारण हिशोब साठ-चाळीसचा: शंभरातले साठ भोसल्यांकडे, चाळीस निजामाकडे. याला ‘दोअमली’ म्हणत. एकाच गावात दोन्हीकडचे वसुली करणारे कमावीसदार येत, दोघांचे शिपाई पाटलाच्या वाड्यावर धरणं धरून बसत आणि कुणब्याला दोघांनाही तोंड द्यावं लागे. घासदाणा हा तर मुळात स्वारांच्या घोड्यांसाठी घेतला जाणारा कर. घोडदळ मुलखावर कसं पोसलं जाई, ते या एका करात दिसतं.

अशा मुलखाच्या सरदाराला निजामाशी जुळवून घ्यावंच लागे. पैनगंगेपलीकडे निजामाचं राज्य सुरू होई. साबाजी पुढे निजामाच्या पाठिंब्यावर उभा राहिला, त्याची मुळं इथं आहेत.

जानोजीची सतरा वर्षं कसरतीत गेली. कधी तो निजामाबरोबर गेला, कधी पेशव्याबरोबर. 1763मध्ये त्याने निजामासोबत पुण्यावर चाल केली, शहराची जाळपोळ झाली आणि त्याच वर्षी 10 ऑगस्टला राक्षसभुवनच्या लढाईआधी 32 लाखांच्या मुलखाच्या आश्वासनावर तो निजामाला सोडून बाजूला झाला. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर तिथं पडला. जानोजीचा कारभारी देवाजीपंत चोरघडे ‘साडेतीन शहाण्यां’त गणला जातो. विठ्ठल सुंदर हाही त्यातलाच. एका शहाण्याच्या मुत्सद्देगिरीत दुसऱ्या शहाण्याचा जीव गेला. पण माधवराव पेशवा हे विसरणारा नव्हता. 1766मध्ये त्याने दिलेला बराचसा मुलूख परत घेतला. 1769मध्ये तो पुन्हा चालून आला, नागपूर लुटलं गेलं, चांद्याला वेढा पडला. जानोजीने समोरासमोर लढाई टाळून आपले स्वार थेट पुण्याकडे वळवले. दोन्ही बाजू दमल्या आणि 23 मार्चला कनकापूरचा तह झाला.

जानोजीला मूल नव्हतं. मुधोजीच्या थोरल्या मुलाला, रघूजीला, दत्तक घ्यायचं त्याने ठरवलं आणि माधवरावाची संमती मिळवली. त्या भेटीहून परतताना मे 1772मध्ये तुळजापूरच्या बाजूला तो वारला. नोव्हेंबरात थेऊरला माधवरावही गेला. सहाएक महिन्यांत, ज्याने वारस ठरवला तोही नाही आणि ज्याने मान्यता दिली तोही नाही.

दोन धनी, एक किताब

जानोजी गेला तेव्हा साबाजी त्याचा सख्खा भाऊ होता. दत्तकाचे रीतसर विधी आणि पुण्याची वस्त्रं मुलाच्या अंगावर अजून पडायची होती. जानोजीची विधवा दर्याबाई हिचा कल साबाजीकडे होता. दत्तक मुलगा गादीवर बसला असता तर कारभार त्याचा बाप, म्हणजे मुधोजी, करणार हे उघड होतं. मग वाड्यात दर्याबाईचा काय मान राहिला असता? साबाजीच्या हातात कारभार म्हणजे तिच्याही शब्दाला किंमत. साबाजीने राज्य हातात घेतलं आणि पुण्याने त्याला मान्यता दिली.

मुधोजी चांद्याहून निघाला. 27 जानेवारी 1773 रोजी अकोल्याजवळ कुंभारी इथं दोघा भावांच्या फौजा भिडल्या. निकाल कुणाच्याच बाजूने लागला नाही. मध्यस्थ आले, बोलणी झाली, पण समेट टिकला नाही. दोघांनाही पुन्हा फौज जमवायला आणि पुण्यात वकील पाठवायला वेळ मिळाला, एवढंच त्या समेटाचं फळ.

30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्याचा खून झाला. त्याचा चुलता राघोबादादा पेशवा झाला, आणि राघोबाविरुद्ध नाना फडणीस, सखारामबापू वगैरे कारभाऱ्यांनी बारभाईंचा कट उभा केला. आता पुण्यातच दोन सरकारं होती. नागपूरच्या भांडणाला लगेच पुण्याच्या भांडणाचा रंग चढला. मुधोजी राघोबाच्या बाजूला गेला. साबाजी बारभाईंच्या आणि निजामाच्या.

1774च्या मार्चमध्ये पंढरपूरजवळ कासेगावला राघोबाने बारभाईंचा सरदार त्रिंबकराव पेठे याला गाठलं. त्रिंबकराव जखमी होऊन हाती लागला आणि मेला. बारभाईंची बाजू त्या क्षणी लंगडी पडली होती. हरिपंत फडक्याने उरलेली फौज सावरली, निजामाचे लोक आणि साबाजीचे स्वार त्याला येऊन मिळाले आणि राघोबाला उत्तरेकडे रेटत नेलं गेलं. दारव्ह्याचा हा सरदार त्या वर्षी फक्त नागपूरच्या गादीचा दावेदार नव्हता. मराठी राज्य कुणाचं, या मोठ्या लढ्यातलं एक वजनदार घोडदळ त्याच्या शब्दावर हलत होतं. पुण्याचा कारभार त्याच्या बाजूचा, हैदराबाद त्याच्या बाजूचं, किताब त्याच्याकडे. राघोबा गुजरातेत इंग्रजांच्या दाराशी मदत मागत हिंडत होता आणि मुधोजीचा पाठीराखाच निराधार झाला होता. 1775 उजाडलं तेव्हा कुणीही पैज साबाजीवरच लावली असती.

पाचगाव

नागपूरच्या दक्षिणेला काही कोसांवर पाचगाव आहे. 26 जानेवारी 1775ला दोन्ही फौजा तिथं समोरासमोर आल्या. लढाईचा झोक साबाजीकडे गेला. मुधोजीचे लोक मागे हटू लागले आणि खुद्द मुधोजी कोंडीत सापडला. साबाजी हत्तीवर होता. जिंकल्यातच जमा आहे असं मानून त्याने हत्ती पुढे घातला, भावाच्या हत्तीला भिडवला आणि त्याला शरण यायला सांगितलं. मुधोजीने पिस्तूल झाडलं. साबाजी जागीच मेला.

पुढे लढाई उरलीच नाही. हरत असलेला माणूस एका गोळीने नागपूरचा धनी झाला.

ही हकिकत वाचताना पहिला प्रश्न पडतो तो साबाजीच्या अकलेबद्दल. जिंकत आलेल्या सेनापतीने स्वतः शत्रूच्या अंबारीपर्यंत जायचं कारण काय? सांडणीस्वार पाठवता आला असता, एखाद्या मानकऱ्यामार्फत निरोप देता आला असता. पण साबाजीला मुधोजी मारायचा नव्हता, धरायचा होता. मेलेला मुधोजी काहीच सोडवत नव्हता: दत्तक रघूजी जिवंत होता आणि त्याच्या नावाने दुसरा कुणीतरी उभा राहिला असता. पकडलेला मुधोजी मात्र दावा सोडून देऊ शकत होता. त्यांच्या बापाने मंदरला चुलत्याला असंच जिवंत धरलं होतं आणि त्यावर घराण्याचं नशीब पालटलं होतं. शिवाय सेनासाहेबसुभा घराण्याच्या माणसाला शरण घेतो, तो अधिकार कुठल्या सरदाराच्या हाती सोपवायचा नसतो. शरण येणाऱ्याची अब्रूही त्यातच राखली जाते. साबाजीने केलं ते त्या काळाच्या रीतीला धरून होतं. फक्त समोरच्याने रीत पाळली नाही.

दुसरा प्रश्न हत्तीचा. घोडदळाचा सेनापती घोड्यावर का नव्हता? कारण त्याला दिसायचं होतं. धूळ उडते, पथकं पांगतात, कोण कुठं आहे कळत नाही. अंबारी मात्र लांबून दिसते. शिलेदार मान वर करून बघतो, धनी जागेवर आहे ना. आहे, तर लढायचं. नाही, तर घोडा वाचवायचा.

दिसण्याची ही किंमत कितीदा मोजली गेली त्याची उदाहरणं भरपूर आहेत. 5 नोव्हेंबर 1556ला पानिपतच्या दुसऱ्या लढाईत हेमू जिंकत आला होता. हत्तीवर असताना त्याच्या डोळ्यात बाण लागला आणि फौज उधळली. 1658मध्ये सामूगढला दारा शिकोह ऐन लढाईत हत्तीवरून उतरून घोड्यावर बसला. लोकांना रिकामी अंबारी दिसली, धनी पडला असं वाटलं आणि हिंदुस्थानची बादशाही औरंगजेबाकडे गेली. मराठ्यांच्या घरातलं जवळचं उदाहरण डभईचं. 1 एप्रिल 1731 रोजी सेनापती त्रिंबकराव दाभाडे पहिल्या बाजीरावाविरुद्ध उभा राहिला होता. हत्तीवर असताना त्याला गोळी लागली आणि यादवी तिथंच संपली. 1761मध्ये पानिपतावर विश्वासराव गोळी लागून पडला आणि भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसून गर्दीत शिरले, तेव्हाही मागच्यांना दिसली ती रिकामी अंबारी.

पण पाचगावची गोष्ट या सगळ्यांहून थोडी वेगळी आहे. हेमूला लागलेला बाण कुणाचा, हे कुणी सांगू शकत नाही. पाचगावला गोळी झाडणारा हात आणि त्या गोळीचा फायदा होणारा माणूस एकच होता.

या सगळ्या लढायांत सेनापती दिसेनासा झाल्यावर फौज पळाली, याचं कारण भित्रेपण नाही. सेनापती हाच लढ्याचा विषय असे. साबाजीच्या स्वारांना नागपूरच्या गादीवर साबाजीला बसवायचं होतं. साबाजीच नसेल तर कुणाला बसवणार? त्याच्या बाजूला दुसरा दावेदार नव्हता. मुधोजीच्या बाजूला मात्र मुधोजी होता आणि त्याच्या मागे ज्याच्या नावाने तो लढत होता तो मुलगाही होता. साबाजीकडे अधिक फौज, अधिक मित्र, अधिक मान्यता असेल, पण त्या सगळ्याचा भार एकाच देहावर होता.

दुसऱ्या खंडातलं एक पिस्तूल

तुलनेसाठी एक शतक पुढे आणि समुद्रापार जायला हवं. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या घोडदळाचा सर्वांत गाजलेला सेनापती जेब स्टुअर्ट. डोक्यावर पिसाची टोपी, खांद्यावर लाल अस्तराचा झगा. 1862मध्ये तो उत्तरेच्या संपूर्ण सैन्याला वळसा घालून परत आला होता. 11 मे 1864 रोजी व्हर्जिनियात रिचमंडजवळ यलो टॅव्हर्न इथं त्याच्या स्वारांची उत्तरेच्या शेरिडनच्या घोडदळाशी गाठ पडली. स्टुअर्ट घोड्यावरून आपल्या लोकांना धीर देत होता. माघार घेत पायी चाललेल्या एका शिपायाने जवळून पिस्तूल झाडलं. दुसऱ्या दिवशी, वयाच्या 31व्या वर्षी, स्टुअर्ट वारला.

दिसायला हा प्रसंग पाचगावचाच जुळा भाऊ वाटतो: उठून दिसणारा सेनापती, जवळचं अंतर, पिस्तुलाची गोळी. परिणाम मात्र वेगळा. स्टुअर्टच्या सैन्याचा सेनापती रॉबर्ट ली याला मोठा धक्का बसला, घोडदळ दुसऱ्यांच्या हाती गेलं आणि युद्ध चालूच राहिलं. ते थांबायला 1865चा एप्रिल उजाडावा लागला. स्टुअर्टचा पगार सरकारकडून येत होता, हुकूम वरून येत होते, त्याच्या जागी दुसरा नेमता येत होता. त्या सैन्याचं कारण चांगलं की वाईट हा वेगळा मुद्दा, पण ते कारण स्टुअर्टच्या देहात नव्हतं. साबाजीच्या मागे सरकार नव्हतं. सरकार म्हणजे तोच.

पुण्याच्या कारभाऱ्यांना हे नीट कळलं होतं. साबाजी त्यांचा माणूस होता, तरी त्याच्या मृत्यूचा सूड म्हणून त्यांनी नागपूरशी मोठं युद्ध पुकारलं नाही. राघोबाने 1775च्या मार्चमध्ये सुरतेत इंग्रजांशी तह केला, इंग्रजी पलटणी गुजरातेत उतरल्या आणि बारभाईंना नागपूरचं घोडदळ शत्रूच्या बाजूला नको होतं. मुधोजीनेही राघोबाची बुडती नाव सोडली. ज्याने त्यांचा दोस्त मारला त्याच्याशीच बारभाईंनी जमवून घेतलं.

ज्याच्यासाठी लढले तो

मुधोजीने मुलाच्या नावाने 1788पर्यंत राज्य केलं. तो मिळून-मिसळून राहणारा, कुणालाच पुरतं न दुखावणारा राज्यकर्ता ठरला. इंग्रजांना तो आपल्या बाजूला वळेल अशी सतत आशा वाटे. 1778मध्ये वॉरन हेस्टिंग्जने त्याच्याकडे अलेक्झांडर इलियट नावाचा वकील पाठवला. तो नागपूरला पोहोचलाच नाही, सारंगडच्या बाजूला तापाने मेला. इंग्रज-मराठा युद्ध पेटल्यावर पुण्याच्या आग्रहाखातर मुधोजीने आपला मुलगा चिमणाजी याला तीस हजार स्वार देऊन बंगालकडे धाडलं. पण ही स्वारी इतक्या संथपणे कटकपर्यंत गेली की हेस्टिंग्जला तिला पैसे देऊन थोपवायला पुरेसा वेळ मिळाला. तीस वर्षांपूर्वी ज्या घोडदळाने बंगाल हादरवला, त्याचीच ही पुढची पिढी.

साबाजी जिंकला असता तर काय झालं असतं, यावर नुसते अंदाज बांधता येतात. इतकं मात्र खरं की त्याचे मित्र पुणे आणि हैदराबाद होते, आणि त्याच्या मुलखातल्या प्रत्येक गावात निजामाचा कमावीसदार बसलेला होता. त्याचं नागपूर दक्षिणेकडे तोंड करून बसलं असतं. मुधोजीच्या नागपूरचं तोंड पूर्वेला, ओडिशा आणि कलकत्त्याकडे वळलं.

आणि तो दत्तक मुलगा? पुढे तो दुसरा रघूजी म्हणून नागपूरच्या गादीवर बसला. 1803मध्ये दौलतराव शिंद्याबरोबर तो इंग्रजांविरुद्ध उतरला. 29 नोव्हेंबरला अकोल्याच्या उत्तरेला आडगावच्या मैदानात आर्थर वेलस्लीने त्यांचा पराभव केला आणि डिसेंबरात गाविलगडही पडला. 17 डिसेंबर 1803च्या देवगावच्या तहाने रघूजीला कटक सोडावं लागलं. त्याचबरोबर वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा मुलूख, गाविलगड-नरनाळ्याभोवतीचे काही महाल वगळून, त्याच्या हातून गेला. इंग्रजांनी तो निजामाला दिला. दोन धन्यांचा अंमल संपला, आणि ज्याच्या वारसाहक्कासाठी साबाजीचा जीव गेला होता, त्याच रघूजीच्या राजवटीत साबाजीचं दारव्हा, दिग्रसच्या शिवारासकट, भोसल्यांच्या राज्यातून कायमचं वजा झालं.